निःपक्षपाती जिलबी

दुभाषा असावा तर माझ्यासारखा! एक अक्षर इकडचं तिकडे होणार नाही. साक्षीदार शिंकला तर मीही इंग्रजीत शिंकेन, असं मी वकील काशीनाथपंतांना छातीठोक सांगितलं आणि त्यांनी माझं नाव पुढे पाठवलं.

गोष्ट एकतीस सालची. इंग्रज सरकार हिंदुस्थानात कसं वागतं ते बघायला युरोपातून तिघांची चौकशी समिती आली होती. दोन साहेब, एक बाई, तिघं तीन देशांचे. काशीत त्यांच्यापुढे विषय होता पंचगंगा घाटावरच्या लाठीमाराचा. त्यात आमच्या हिच्या, म्हणजे प्रेमलाच्या, भावाचा, यज्ञेश्वरचा, उजवा हात मोडला होता. वर खटला त्याच्यावरच! म्हणे यानंच शिपायाला बुकललं आणि पळताना पायरीवरून घसरला. समितीनं लाठीचा मार मान्य केला तर खटला टिकणार नाही, नाहीतर तुरुंग, असं काशीनाथपंतांचं म्हणणं.

आणि समिती उतरली कुठे? खुद्द पोलीस कप्तानाच्या बंगल्यावर! चहा त्याचा, कोंबडी त्याची, मोटारही त्याचीच.

"सब मिलल हौ, मास्टर साहब," घाटावरचा नावाडी मला म्हणाला. म्हणजे सगळे एकमेकांना सामील!

माझं डोकंच तडकलं. घरी येऊन मी जाहीर केलं, "समिती मिंधी झाली आहे! तिला आपण जेवायला बोलावू."

"म्हणजे आता आपली मिंधी करायची?" प्रेमलानं विचारलं.

"छे! तोल सांभाळायचा!"

"अहो, आधी यज्ञेश्वरची साक्ष तरी होऊ दे."

"उपाशी पोटी कसली साक्ष?" मी म्हणालो.

ठरल्या दिवशी आमच्या मंगला गौरी मोहल्ल्याच्या गल्ल्या तुडवत समिती धापा टाकत आली. बूट काढून पाटावर बसली. अध्यक्षसाहेबांना काही केल्या मांडी घालता येईना. शेवटी त्यांनी पाय लांब केले, ते थेट बाईंच्या पानापर्यंत.

आता वाढायचं कुणी? माझी गंगाआत्या सोवळ्यात. गोऱ्यांच्या पानाजवळ ती फिरकायची नाही. प्रेमला जिलब्या तळत होती. मी पडलो दुभाषा. मग यज्ञेश्वरच उठला. हाताला कामट्या, गळ्यात झोळी. परात खाली ठेवून त्यानं डाव्या हातानं पहिली जिलबी उचलली मात्र, आतून आत्या कडाडली.

"मेल्या, डाव्या हातानं वाढतोस? घरी आलेल्या पाहुण्याला?"

यज्ञेश्वर चपापला. जिलबी खाली ठेवली, परात डाव्या हातावर तोलली आणि उजवा हात सरळ झोळीतून बाहेर काढला! त्याच्या कपाळावर घाम तरारला. पण आमच्यात वाढणाऱ्यानं तोंड वाकडं केलं तर पाहुण्याला घास जात नाही. तेव्हा बिचारा हसत होता. जिलबी, मग मठ्ठा, मग पुन्हा जिलबी!

"बस, बस," अध्यक्ष म्हणाले.

"एक तरी घ्याच! नाही घेतलीत तर मीसुद्धा आज उपाशी राहीन!" यज्ञेश्वर म्हणाला.

मी शब्दन् शब्द इंग्रजीत सांगितला. बाईंनी घाईघाईनं लिहून घेतलं आणि शेजारच्या साहेबांना हळूच म्हणाल्या, "उपोषणाची धमकी!"

मग अध्यक्ष वाढणाऱ्या हाताकडे टक लावून बघायला लागले. मला म्हणाले, "यांना विचारा, हा हात दुखतो का?"

मी विचारलं. आता हा मेहुणा काय म्हणाला असेल?

"छे छे! काही दुखत नाही, भावोजी. त्यांना सांगा, संकोच करू नका म्हणावं!"

सांगू का नको? आत प्रेमलाचा झारा थांबला. पण एक अक्षर इकडचं तिकडे नाही, असं मीच सांगून बसलो होतो ना! सांगितलं.

आठवड्याभरात समितीचं मत बाहेर आलं. मोडलेला म्हणून सांगितलेला हात चांगला धडधाकट असून शिपायाला मारण्यास समर्थ आहे. शिवाय या भागातील लोक परकीयांवर खाण्याची सक्ती करतात!

घाटावर निषेधाची सभा झाली. मी गरजलो, "समिती पक्षपाती आहे! ज्याचं खाल्लं त्याची बाजू घेतली!"

बायकांतून प्रेमलाचा आवाज आला, "तसं असतं तर आपली घेतली असती. आपल्याकडे जास्त खाल्लं!"

सभा हसली. मला मात्र मेल्याहून मेल्यासारखं झालं, कारण यज्ञेश्वरला तीन महिन्यांची शिक्षा झाली होती. प्रेमला माझ्याशी कामापुरतंच बोलत होती, आणि आत्या तर डावा-उजवा हा विषयच काढत नव्हती.

पुढच्या आठवड्यात काशीनाथपंत तुरुंगातून भेट घेऊन आले. चक्कीवर धाडण्याआधी तिथल्या सरकारी डॉक्टरनं यज्ञेश्वरचा हात नुसता दाबला, तर हा गुरासारखा ओरडला. "अरे, ये तो टूटा हुआ है!" म्हणून डॉक्टरनं त्याची चक्की माफ केली आणि कप्तानाला तसं तोंडावर सांगितलंसुद्धा.

मला भरून आलं. इंग्रजाचा पगारी माणूस, आणि इतका सरळ!

"यज्ञेश्वर काही म्हणाला?" मी विचारलं.

"म्हणाला ना," काशीनाथपंत माझी नजर चुकवत म्हणाले. "हात जोडून सांगितलंय, भावोजींना म्हणावं, या डॉक्टरला तेवढं जेवायला बोलावू नका."