निसटलेल्या ताऱ्यांचा खुलासा

बारा हजार ताऱ्यांचा एक गुच्छ बाराशे कोटी वर्षांत कसा मरतो, हे महासंगणकावर चालवून दाखवलं की ब्रॉन्विन फेडोरुकला पीएच.डी. मिळणार होती. निम्मं काम झालं होतं. शिष्यवृत्ती एप्रिलपर्यंतच होती आणि त्या यंत्राचा वेळ ओंटारिओतल्या तिच्या विद्यापीठाची वाटप समिती देत असे. अध्यक्ष पेटिग्रू पूर्वी वाहनतळाचे परवाने वाटत. अनुभव तोच होता.

"बारा हजार तारे घेऊन गेलीस, उरले सात हजार. बाकीचे कुठेत?"

"निसटले, सर. गुच्छातून तारे निसटतातच. आकाशातसुद्धा."

"आकाश आमच्या अखत्यारीत नाही. गळती बेचाळीस टक्के. पस्तीसच्या वर प्रकल्प बंद."

तिच्या मार्गदर्शक ओडील म्हणाल्या, "कडेनं भिंत घाल, बाई. वेळ पदरात पडू दे, मग पाडू." ब्रॉन्विनने भिंत घातली. गळती शून्य झाली.

पुढच्या तपासणीत जोडीने फिरणारे दोन तारे सापडले. यंत्राचा त्रेसष्ट टक्के वेळ त्यांनीच खाल्ला होता.

"हे दोघं कोणाच्या ओळखीचे?" पेटिग्रूंनी विचारलं.

"फार जवळून, फार वेगात फिरतात, सर. त्यांचा हिशेब बारीक पावलांनी करावा लागतो."

"मग लांब उभं कर त्यांना."

तिने केलं. त्यानंतर जड ताऱ्यांच्या स्फोटांना सुरक्षा विभागाची पूर्वपरवानगी नसल्याचं निघालं. स्फोट रद्द झाले. शेवटी, ताऱ्यांच्या हालचालीमुळे यंत्रावरचा भार वरखाली होतो, असा शेरा आला. ब्रॉन्विनने हालचालही काढून टाकली.

बाराशे कोटी वर्षं अकरा मिनिटांत आटोपली. समितीने काटकसरीबद्दल तिला प्रशस्तिपत्रक दिलं.

"आता भिंत पाडायची ना?" तिने ओडीलना विचारलं.

"पाडलीस तर पहिल्यापासून अर्ज. एप्रिल कधी आहे?"

"परवा."

"मग निष्कर्ष लिही."

"काय लिहू? माझा विषय गुच्छाचं मरण आहे. हा मरतच नाही."

"तेच लिही. नवीन आहे."

तिने लिहिलं. तीन परीक्षकांनी प्रबंध वाचला. तिघांनी पानांच्या समासातल्या चुका काढल्या. पदवी मिळाली.

विद्यापीठाने त्या गुच्छाचं चित्र समाजमाध्यमांवर प्रसिद्ध केलं. बाराशे कोटी वर्षांत एकही तारा जागचा हलला नाही, हे त्याखाली स्पष्ट छापलं होतं. तुम्ही ते वाचलंत, "किती शांत वाटतं" असं लिहिलंत, आणि अंगठा दाबून पुढे सरकलात.