तोटी नसलेला माठ

वऱ्हाडात 'ण' फारसा टिकत नाही. पाणी होतं पानी, कोण होतं कोन, आणि लोणी तर कढायच्या आधीच लोनी झालेलं असतं.

दिग्रसहून गावात शिरताना पहिल्याच भिंतीवर निळ्या रंगात लिहिलं आहे : 'दारू सोडा, संसार जोडा.' संसारावरचा अनुस्वार मागाहून दिलेला. तो लाल आहे.

हवेत उडणारा कापसाचा भुरका घशात गेला की बाहेर निघत नाही. नुसता ओला होतो.

खुशीचं पोट मंगळवारी दुखतं.

माणसाचं हसणं किती लांबून ऐकू यावं, याला काही नियम नाही.

तर ते हसणं सदाशिवरावांचं! दिग्रसच्या एका जिनिंगमध्ये ते फिटर होते. सरकीपासून रुई वेगळी करणारं यंत्र नुसतं ऐकून ते सांगत, कुठला दात झिजला, कुठलं बेअरिंग गेलं. गावात मात्र त्यांची ओळख दुसरी होती. ते व्यसनमुक्ती समितीचे अध्यक्ष होते. भिंतीवरचं ते वाक्य त्यांच्याच हातचं आणि राहिलेला अनुस्वारही त्यांचाच. त्या साली कापूसच येईना, म्हणून जिनिंग आठवड्यातून चारच दिवस चालायची. अध्यक्ष मात्र सातही दिवस असता येत होतं! त्यात येत्या रविवारी तालुक्याचे साहेब येऊन अध्यक्षांचा सत्कार करणार होते. शाल, नारळ आणि फोटो. सदाशिवरावांनी शर्टाला दोनदा इस्त्री केली होती.

दोन हजार सहा साल. यवतमाळ जिल्ह्यात तेव्हा माणसांपेक्षा सर्व्हे जास्त झाले होते. कुणी माती मोजली, कुणी विहिरी मोजल्या. जीप आली तरी गावातली कुत्री भुंकत नसत. फॉर्म भरायला बसल्यासारखी गपचूप रांगेत बसत. त्या फेब्रुवारीत पुण्याहून ऋजुता मॅडम आल्या. त्यांना मनं मोजायची होती. घरातल्या ताणाचा मुलांवर आणि आईबापांवर काय परिणाम होतो, असा त्यांचा विषय.

"माह्या घरी? टेन्शन?" सदाशिवराव पानठेल्यावर असे हसले, की समोरच्या सायकलची घंटी आपोआप वाजली म्हणतात. "मॅडम, तुमचा फॉर्म कोराच वापस जाईन! आमच्या घरात टेन्शनले चप्पल काढाले जागा नाही!"

"मग तुमच्या मुलीपासूनच सुरुवात करू?"

"करा नं! खुशी चौथीत आहे. खोटं बोलत नाही, येवढीच तिले एक खोड आहे!"

खाली दिलेला खुशीचा फॉर्म सदाशिवरावांनी नंतर वाचला. सलग पाच वेळा.

*प्रश्न : घरात कुणाला ताण येतो का?*
उत्तर : सगळ्यायले येते.
*प्रश्न : सगळ्यांत जास्त कुणाला?*
उत्तर : बाबाले. जिनिंगमधून आले की लय.
*प्रश्न : ताण आल्यावर बाबा काय करतात?*
उत्तर : पेतात.
*प्रश्न : दिवसातून किती वेळा?*
उत्तर : आठ-दहा. उन्हाळ्यात मोजता येत नाही.
*प्रश्न : कुठे बसून?*
उत्तर : बसत नाहीत. उभ्यानंच. घटाघटा. आमच्या घरी माठ आहे.
*प्रश्न : आणि तुला ताण आला तर?*
उत्तर : मीबी पेतो. आधी बाबा, मंग मी.
*प्रश्न : आई रागावत नाही?*
उत्तर : नाही. आई म्हनते, जास्त पेत जाय. उन्हाचं चांगलं रायते.
*प्रश्न : शाळेत ताण आला तर?*
उत्तर : दप्तरात बाटली असते.

या शेवटच्या उत्तरापुढे शाईचा मोठा डाग आहे. तिथे मॅडमचा पेन बराच वेळ थांबला असावा.

तान लागते, येत नाही, हे खुशीला पक्कं ठाऊक होतं. पण एवढ्या शिकलेल्या बाईची चूक कोण काढणार? पुण्याकडे तान येत असेल!

मॅडम हादरल्या. नऊ वर्षांची मुलगी, आणि दप्तरात बाटली! फॉर्म गोपनीय होता, म्हणून त्यांनी फक्त एकाच बाईला विचारलं. ती बाई निघाली सुखीबाई. समितीची उपाध्यक्ष. दारूचे तीन ड्रम तिने स्वतःच्या काठीने फोडले होते.

"मावशी, कुणाला सांगू नका. पण सदाशिवराव... घेतात का हो?"

"काय घेतात?"

मॅडमनी अंगठा तोंडाकडे नेला.

सुखीबाईने कुणालाही सांगितलं नाही. ती फक्त काठी आणायला घरी गेली. आता सुखीबाई काठी घेऊन निघाली म्हटल्यावर वाटेतल्या अकरा बाया आपोआप मागे लागल्या, त्याला ती काय करणार!

शुक्रवार होता. जिनिंग बंद होती. सदाशिवराव आरशासमोर उभे राहून सत्काराला उत्तर द्यायचा सराव करत होते आणि मधूनमधून हसत होते. खुशी कोपऱ्यात पोटाशी उशी धरून बसली होती. तिची आई, कोकिळा, तिच्यासाठी ओवा शोधत होती.

"अध्यक्ष! बाहीर या!"

"या या सुखीबाई! सत्काराचं विचाराले आल्या का? हाहाहा!"

"हसून राह्यला! लाज वाटत नाही? पोरीच्या दप्तरात बाटली देतं?"

"मंग? बिनबाटलीची पाठवू?"

बायांमधून "अवो माय!" असा एकच सूर निघाला.

"अन् दिवसातून दहा खेपा पेतं?"

"दहा कायले, बाराबी होतात! जिनिंगमंदी काम करनारा मानूस पेल्याशिवाय राहू शकते का? सगळेच पेतात! मालकबी पेते!"

"आन् पोरगी?"

"तिले तं मीच सांगतो, पेत जाय बाप्पा, पेत जाय! सुखीबाई, तुमीबी घ्या नं घोटभर, लय तापल्या तुमी!"

मागून ऋजुता मॅडम धावत आल्या. "मावशी, थांबा! ते गोपनीय आहे हो, गोपनीय!"

"गोपनीयच फोडतो आता!" असं म्हणून सुखीबाईने काठी उचलली, आणि ओसरीतला माठ एकाच दणक्यात खल्लास!

पाणी उंबऱ्यावरून खाली आलं, सुखीबाईच्या चपला भिजवून नालीकडे गेलं. बारा बायांनी एकदम नाकं पुढे केली. वास येईना.

"इंग्लिस असंन," एक बाई म्हणाली.

सुखीबाईने बोट बुडवून चाखलं. मग दुसरं बोट बुडवलं. "अवो... पानी हाय हे."

आणि कोकिळा कडाडली, "मंग काय तूप राहीन? भर दुपारी माठ फोडला! आता माह्या पोरीले तान लागली तं मी काय देऊ?"

मॅडम जागच्या जागी थिजल्या. "काय लागली?"

"तान! तान! पानी प्याची तान!"

"तहान?"

"तेच तं सांगून राह्यली!"

मॅडमनी फॉर्म काढला. पहिलं उत्तर वाचलं, दुसरं वाचलं, आणि उंबऱ्यावर बसल्याच. त्यांनी सगळं उलगडून सांगितलं तेव्हा आधी सुखीबाई फस्सकन हसली, मग अकराही बाया हसल्या. सगळ्यांवर ताण करून सदाशिवराव हसले. खापऱ्या थरथरल्या! अब्रू वाचली, सत्कार वाचला! "पाहा मॅडम! म्हनलो होतो नं? टेन्शनच नाही आपल्या घरी! हाहाहा!"

एकटी खुशी हसत नव्हती. तिने उशी आणखी घट्ट धरली होती.

मॅडम तिच्याजवळ गेल्या. या वेळी त्यांनी शब्द जपून निवडला. "खुशी, टेन्शन म्हणजे काय, माहीत आहे?"

"हो. ते बाबाले येते."

"हॅ!" सदाशिवराव म्हणाले. "कवा आलं मले?"

"आता आलं नं. जोरानं हसले तवा." खुशी मॅडमकडे पाहून सांगू लागली, शाळेत पाढा म्हणावा तशी. "बाबा जोरानं हसले की माहं पोट दुखते. आधी मंगळवारीच दुखे. दिवाळीपासून गुरुवारीबी. आता शुक्रवारीबी."

कोकिळेच्या हातातली ओव्याची पुडी तशीच राहिली. मंगळवारी जिनिंगला सुट्टी. दिवाळीपासून गुरुवारीही काम नाही. संक्रांतीपासून शुक्रवारीही नाही.

"हसल्यानं कोनाचं पोट दुखते का, बेटा?" सदाशिवराव म्हणाले.

"तुमीच तं म्हनता बाबा. मशीन उगाच मोठा आवाज करते, तवा आतमंदी काहीतरी घासून राह्यलं असते."

सदाशिवरावांनी नेहमीप्रमाणे हसायला तोंड उघडलं. आवाज निघेना. पट्टा घसरलेल्या चाकासारखं ते तोंड थोडा वेळ नुसतंच फिरलं. अकरा बाया, एक उपाध्यक्ष आणि एक मॅडम, सगळ्या कुतूहलाने पाहत होत्या. अध्यक्षांना असं गप्प कुणीच पाहिलं नव्हतं. खुद्द अध्यक्षांनीही नाही.

"सोमवारपासून जिनिंग बुधवारीबी बंद आहे," ते शेवटी बायकोला म्हणाले. अगदी साध्या आवाजात.

"मले माहीत आहे," कोकिळा म्हणाली. "तुमच्या जिनिंगमधल्या धर्मपालच्या बायकोनं परवाच सांगतलं."

"मंग बोलली काहून नाही?"

"कशी बोलू? तुमी हसून राह्यले होते!"

सुखीबाईने पदराने काठी पुसली आणि ती पाठीमागे लपवली. "मी घरचा माठ पाठोतो," एवढं म्हणून ती निघाली. खुशीने उशी बाजूला ठेवली आणि पाणी मागितलं. ते नव्हतं.

रविवारी सत्कार झाला. साहेबांनी समितीच्या कामाचा अहवाल वाचून दाखवला : नष्ट केलेले दारूचे ड्रम, तीन; माठ, एक. टाळ्या पडल्या. खाली अध्यक्षांची सही होती. फोटोत सदाशिवराव शाल पांघरून उभे आहेत, तोंड मिटून. गावातल्या पुष्कळांनी फोटो पाहून विचारलं, हा मानूस कोन व्हय?

खुशीच्या फॉर्मला मागचं पानही होतं; माठ फुटेपर्यंत ते कुणी उलटलंच नव्हतं. 'तुझ्या घरात काय बदललं तर तुला आवडेल?' या प्रश्नाखाली तिने पहिल्याच दिवशी स्वतःच्या हाताने लिहून ठेवलं होतं : आमच्या पान्याच्या माठाले तोटी पाहिजे.