चाळीस किलो फ्लॉवर

"आप्पा, आली! कंपनीची ऑर्डर आली!" नीलम गिरणीत अशी घुसली, की दळणाच्या रांगेतल्या बायकांनी आपापले डबे सावरले.

मच्छिंद्रने गिरणी बंद केली आणि पिठाच्या हातानेच मोबाईल घेतला. शिक्रापूरच्या चौकाजवळ त्याची ही गिरणी आणि तिच्यामागे दोन एकर रान. एका एकरात फ्लॉवर, दुसऱ्यात झेंडू. अशा माणसाला समोरच्या कंपनीतून इंग्रजीत ऑर्डर यावी, म्हणजे अप्रूपच होतं. मेसेज तिवारी मॅडमचा होता. आणि याच मॅडमपुढे उद्या अकराला नीलमची मुलाखत होती, रिसेप्शनच्या जागेसाठी. ही नोकरी हुकली तर दिवाळीनंतर स्थळं बघायची, असं घरात पक्कं ठरलं होतं. त्यामुळे ऑर्डर चुकून चालणार नव्हतं.

मेसेज छोटा होता. 'फोर्टी केजी फ्लॉवर. टुमारो नाइन ए. एम. कॅन्टीन गेट.'

"कंचा फ्लॉवर? भाजीचा का फुलं?" मच्छिंद्रने विचारलं.

"एस बघा की आप्पा! हाय का कुठं? फुलं असती तर फ्लॉवर्स लिवलं असतं. एस न्हाई म्हंजी एकवचन."

"मंग चाळीस किलोचं एकच फूल मागितलंय व्हय बाईनं?"

रांगेत खसखस पिकली. पण नीलम हार मानणारी नव्हती. गिरणीची इंग्रजी पाटी तिनेच दहावीत असताना पेंटरला स्पेलिंग सांगून रंगवून घेतली होती, आणि तेव्हापासून घरात इंग्रजीपुरता तिचा शब्द शेवटचा होता.

"किलोवर मोजायच्या मालाला एस लागत न्हाई. राइस, शुगर, तसाच आपला फ्लॉवर. भाजीच हाय ती!"

"फोन करून इचार की एकदा."

"उद्या मुलाखत आन् आज विचारू, मॅडम, एक का अनेक?"

सकाळी फ्लॉवरचे गड्डे टेम्पोत भरून झाले, तेवढ्यात नीलमची आई सविता रस्त्यावरून धावत आली. "अगं, कंपनीत मांडव घातलाय! कुणी मोठा सायेब येनार हाय म्हनं. मांडवाला काय भाजी बांधत्यात?"

नीलमचा चेहरा पडला. "घाईत एस ऱ्हायला असंल का गं?"

"खाल्ला बाईनं एस!" मच्छिंद्र ओरडला. "तोडा झेंडू! एस आसंल तर फुलं, नसंल तर भाजी. हारायचंच न्हाई!"

तिघं झेंडूवर तुटून पडली. नऊला पाच कमी असताना टेम्पो कॅन्टीनच्या गेटवर उभा राहिला. मॅडम घड्याळ बघत तिथेच उभ्या होत्या. त्यांनी टेम्पोत डोकावलं.

"ये क्या है?"

नीलमने रात्रीपासून घोकलेलं इंग्रजी काढलं. "मॅडम, फ्लॉवर अँड फ्लॉवर्स!"

"अरे, आटा चाहिए था! तीन सौ लोगों की रोटी है! आटा कहाँ है?"

"आटा?" बापलेक एकदमच म्हणाले.

मॅडमनी मोबाईलवर फोटो दाखवला. त्यांच्याच गिरणीची पाटी. 'साखरबाई फ्लॉवर मिल', चांगल्या ठळक डब्ल्यूसकट. "आपके बोर्ड से ही नंबर लिया. जो लिखा था, वही मैंने लिख दिया!"

नीलमचे कान तापले. पिठाच्या स्पेलिंगमध्ये यू असतो आणि त्याच्या जागी डब्ल्यू-ई घातले की पिठाचं फूल होतं, हे तिला आत्ता, भर गेटवर आठवलं. एसच्या नादात तिने डब्ल्यूकडे पाहिलंच नव्हतं.

"आप्पा, टेम्पो वळवा!"

रांगेतल्या बायकांनी कुरकुर न करता नंबर सोडला. सविताने घरातल्या गव्हाची पोती ओढून आणली, नीलम स्वतः गहू ओतायला उभी राहिली, आणि अकराला दहा कमी असताना चाळीस किलो गरम पीठ कॅन्टीनमध्ये पोहोचलं. कपडे बदलायला वेळच नव्हता. नीलम पापण्यांपर्यंत पांढरी होऊन मुलाखतीच्या खुर्चीत बसली.

"एक ही सवाल है," मॅडम म्हणाल्या. "वो बोर्ड किसने लिखवाया?"

पेंटरचं नाव अगदी जिभेवर आलं होतं. नीलमने ते गिळलं. "मैंने, मॅडम."

मॅडम खळखळून हसल्या. "गलती मान लेती हो, और दो घंटे में सुधार भी देती हो. सोमवार से आ जाओ. लेकिन पहले वो बोर्ड!"

नीलमला रडावं की नाचावं ते कळेना. मॅडमनी टेम्पोही रिकामा करून घेतला. दुपारी तीनशे लोकांनी फ्लॉवरची भाजी खाल्ली आणि साहेब झेंडूच्या कमानीखालून आत गेले.

नीलम पेढे वाटून संध्याकाळी परतली, तेव्हा पेंटर शिडीवरून उतरत होता आणि मच्छिंद्र कमरेवर हात ठेवून पाटीकडे बघत होता. डब्ल्यू-ई गेले होते, यू आला होता. स्पेलिंग अगदी बरोबर होतं. फक्त त्या शब्दाच्या शेवटी एक नवा कोरा, लालभडक एस उभा होता. 'साखरबाई फ्लोअर्स मिल.'

"आप्पा, ह्यो एस कशाला?"

"म्हंजी?" मच्छिंद्र छाती फुगवून म्हणाला. "गहू, ज्वारी, बाजरी, डाळ. एकच पीठ दळतो व्हय आपण?"