म्हशीला खिडकी कशाला?

उजनी धरणाचं पाणी चढलं तेव्हा कौसल्याबाईंचं सासर अंगणासकट बुडालं. पण उन्हाळ्यात पाणी ओसरलं की जुन्या घराचं जोतं उघडं पडायचं, आणि ते बघायला त्या दरवर्षी दोन मैल चालत जायच्या. पुढं गुडघे धरले. मग चौऱ्याण्णव साली नवऱ्यानं, रावजींनी, काठालगतच्या आपल्या तुकड्यात त्यांच्यासाठी एक खोली उठवली. पाण्याकडं भलीमोठी खिडकी ठेवली.

कौसल्याबाईंनी आरसासुद्धा टांगला, आणि ग्रामसेवक दारात उभे राहिले.

"रावजी, धरणाच्या पाण्यालगत पक्कं बांधकाम? परवानगी लागती. न्हायतर पाडत्यात."

"आता वो?"

"गोठ्याला सूट हाय."

रावजींनी लगोलग गोठ्याचा अर्ज टाकला. अडचण एवढीच, की घरात शेळीदेखील नव्हती. तपासणीच्या सकाळी त्यांनी शेजारच्या बानूबाईची म्हैस मागून आणली. ती दारातच अडली. कौसल्याबाईंनी पुढून पेंड दाखवली, रावजींनी मागून रेटा दिला. म्हैस आत गेली आणि साहेबांची जीप आली.

"गोठ्याला खिडकी कशाला?"

"वाऱ्यानं दूध वाढतं, सायेब."

"आणि आरसा?"

कौसल्याबाईंनी पदर सावरला. "एकटी हाय वो ती. आरशात बघितलं की सोबत वाटती."

साहेबांना बराच वेळ खोकला आला. मग त्यांनी लिहिलं, 'गोठा. म्हैस एक. सूट मंजूर. वापर फक्त गुरांसाठी. फेरतपासणी कधीही.'

त्या 'कधीही'नं घात केला. म्हैस परत कशी करणार? चौथ्या दिवशी बानूबाई भांडायच्या तयारीनंच आली. धार काढायला बसली आणि चरवी काठोकाठ भरली.

"भावजी, हितं दीड लिटर जास्त देती की ही! आता हलवायची न्हाय."

दुसऱ्या दिवशी तिनं दुसरी म्हैसही आणून बांधली.

मे महिन्यात पाणी हटलं. आधी जोतं दिसलं, मग पायऱ्या, मग जात्याची फुटकी तळी. रावजी बाहेर शेणाची पाटी भरत होते. आत दोन्ही म्हशी खिडकीत तोंड घालून रवंथ करत होत्या. कौसल्याबाई त्यांच्या मधे घुसल्या, दोघींच्या मानेवर हात ठेवून टाचा उंचावल्या.

"सरका गं बायांनो जरा," त्या म्हणाल्या, "माझी चूल कुठं हुती ते दिसंना."