खांब नसलेला हॉल

नोव्हेंबरातला दुसरा मंगळवार, संध्याकाळ, आमची बैठकीची खोली. हजर: मराठी मंडळाचे अध्यक्ष बर्वे, खजिनदार तुषार कांबळे, हॉल-प्रमुख दिगंबर कुलथे आणि चिटणीस म्हणून मी. शिवाय हूबर नावाचे एक बव्हेरियन गृहस्थ. त्यांना कोणी आणि कशासाठी बोलावलं होतं, ते निम्मी बैठक होईपर्यंत आमच्यापैकी कोणालाच नीट कळलं नव्हतं.

हूबरसाहेबांनी दारात बूट काढले, आम्हा सगळ्यांकडे आळीपाळीने पाहिलं आणि अदबीने विचारलं, की यातले गोलकीपर कोण?

आमच्यात सगळ्यात रुंद बर्वे. त्यामुळे हूबरसाहेबांची नजर त्यांच्यावर येऊन थांबली. बर्वे माझ्याकडे पाहायला लागले. मी कुलथ्यांकडे पाहिलं. कुलथे आमच्या सोफ्यामागे गुडघ्यांवर बसून, लेझरचा लाल ठिपका भिंतीवर पाडून खोलीची लांबी मोजत होते.

कुलथ्यांना मोजायची सवय आहे. इंगोलश्टाटच्या कार कारखान्यात ते गाड्यांचे सस्पेन्शन डिझाइन करतात आणि आमच्या गावाहून रोज ट्रेनने जातात. ते मोजणं नोकरीपुरतं असतं तर कोणी काही म्हणालं नसतं. पण गेली दोन वर्षं ते जिथे जातील तिथे साठ मीटर गुणिले तीस मीटर शोधतात. एवढी जागा आइस हॉकीच्या बर्फाला लागते. तुषारच्या नव्या घराच्या वास्तुशांतीला गुरुजी मंत्र म्हणत असताना कुलथे मागच्या अंगणात पावलं टाकत होते. पुण्याला भाच्याच्या लग्नाला गेले, तर अक्षतांच्या आधी कार्यालयाच्या मॅनेजरला गाठून विचारलं की मधले दोन खांब काढता येतील का. मॅनेजरला वाटलं, वरपक्ष नाराज आहे.

खांब हा त्यांचा वैरी. कुठल्याही इमारतीत शिरले की ते आधी वर बघतात, मग मधे बघतात आणि मग पडलेल्या आवाजात म्हणतात, "खांब आहे, वहिनी." खांब नसला तर म्हणतात, "आल्झो, चला तर, तत्त्वतः हॉल मिळाला आहे." तत्त्वतः मिळालेले असे हॉल मी माझ्या वहीत लिहीत गेले आणि एकेक करून खोडत गेले.

याचं कारण आमच्या गावचा हॉकीसंघ. व्यावसायिक संघ आहे, पण तिसऱ्या दर्जाच्या लीगमधला. खेळाडूंना पगार मिळतो, तो वेळेवर मिळतोच असं नाही. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या जुन्या बर्फाच्या हॉलचं छप्पर धोकादायक ठरलं आणि नगरपालिकेने दाराला साखळी लावली. तेव्हापासून संघ घरचे सामने तासाभराच्या अंतरावरच्या दुसऱ्या गावात, भाड्याच्या बर्फावर खेळतो. प्रेक्षक आटले, सामने हरायला लागले. आता लीगने कळवलं होतं, की वसंत ऋतूपर्यंत स्वतःचा हॉल दाखवा, नाहीतर परवाना विसरा. म्हणजे संघ बंद. साखळी लागली तेव्हाच क्लबने हॉल शोधायला एक समिती नेमली होती आणि तिच्यात कुलथे आपणहून गेले होते. स्वतः त्यांना बर्फावर नीट उभंही राहता येत नाही.

नेमकं यंदाच, आमचा गणपती ज्या शाळेच्या हॉलमध्ये बसतो, तो हॉल दुरुस्तीसाठी बंद झाला. जर्मनीत पुढच्या भाद्रपदाचा हॉल या कार्तिकातच ठरवावा लागतो. मी म्हटलं, हा माणूस नाहीतरी हॉल बघत हिंडतोच आहे, आपलाही बघू दे. एका खेपेत दोन कामं. बर्व्यांनी अनुमोदन दिलं.

कुलथ्यांनीही एका खेपेतच दोन कामं केली. एका बंद पडलेल्या शीतगृहाच्या मालकाला त्यांनी विचारलं, की रात्री ढोल वाजवलेला चालेल का, आणि बाकावर बसलेला खेळाडू थुंकला तर फरशी कोण पुसणार. एका चर्चच्या सभागृहात मोदकांसाठी गॅस आहे का ते पाहता पाहता, फरशीखाली गारव्याच्या नळ्या टाकता येतील का तेही विचारलं. तिथल्या पाद्रीबाईंनी त्यांना बसवून पाणी दिलं.

आणि मग हूबरसाहेब. त्यांचं फर्निचरचं मोठं शोरूम बंद होऊन रिकामं पडलं होतं. उंच छत, भरपूर पार्किंग आणि मधे एकही खांब नाही. कुलथे तिथून मला फोन करून थोडा वेळ नुसते श्वास घेत राहिले. मग घरी जाऊन त्यांनी दोन्ही संस्थांच्या गरजा एकाच ईमेलमध्ये लिहून पाठवल्या आणि ईमेलवर मंडळाचा, म्हणजे माझा, पत्ता घातला.

तो ईमेल हूबरसाहेब छापून घेऊनच आले होते. चकलीचा तुकडा जपून चावत त्यांनी एकेक मुद्दा विचारायला घेतला. चपला, बूट दाराबाहेर काढायचे, हे समजलं. पण मग स्केट्स कुठे घालायचे? प्रेक्षकांना मांसाहार नाही, तर मध्यंतरात सॉसेज विकणार की नाही? काचेची भिंत देवाभोवती हवी की खेळाडूंभोवती? आणि देव बर्फावर बसणार, की राखीव खेळाडूंच्या बाकावर?

"देव मातीचा आहे," बर्वे म्हणाले. तेवढंच त्यांना सुचलं.

"विसर्जनाचंही मी बघून ठेवलंय," कुलथे सोफ्यामागून म्हणाले. "बर्फ करायच्या आधी पाण्याची मोठी टाकी भरावीच लागते. तत्त्वतः..."

"कुलथे, तुम्ही बसा," मी म्हटलं.

हळूहळू गुंता सुटला. संस्था दोन आहेत, हे कळल्यावर हूबरसाहेबांना बरंच हलकं वाटलं. पण माणूस पद्धतशीर. त्यांनी कॅलेंडर काढलं. गणपती सप्टेंबरात, बर्फ ऑगस्टपासून. दोघांना एकाच वेळी जागा देता येणार नाही. भाडं कोणाचंही चालेल, पण चौकशी एकच राहायला हवी. दुसरी आम्ही मागे घ्यायची, लेखी, आणि आजच काय ते ठरवून सांगायचं.

बर्वे म्हणाले, यात ठरवण्यासारखं काय आहे? हॉल मंडळाचा. शंभर कुटुंबांचा उत्सव. हॉकीवाल्यांनी आपलं बघून घ्यावं. तुषारने मान डोलावली आणि सहज विचारलं, "कुलथे, तुम्ही नक्की आमचे की त्यांचे?"

मला वाटलं, आता तत्त्वतः येणार. पण कुलथे उठले. कपबश्या उचलून माझ्या मागोमाग स्वयंपाकघरात आले. मी आधण ठेवलं. तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. हात ओले होते, म्हणून त्यांनी तो ओट्यावर ठेवून स्पीकरवर घेतला; बाहेरच्या खोलीतही ऐकू जात होतं.

रेवा होती. त्यांची एकुलती मुलगी. इथेच वाढली, आता उत्तरेला कीलमध्ये नोकरी करते. तिची आई, म्हणजे वैशाली, आपल्या आजारी आईसाठी चार वर्षांपासून पुण्यात आहे. इथे घरात कुलथे एकटेच असतात.

"ना, पापा? हाबन वीर आइने हाले?"

हॉल मिळाला का आपल्याला, असं ती विचारत होती. कुलथे मराठीत म्हणाले की बोलणी चालू आहेत. तिने जर्मनमध्ये विचारलं, छत किती उंच आहे? त्यांनी सांगितलं. मग नवा फिनिश गोलकीपर, मग रविवारचा हरलेला सामना, मग पंचांचा मूर्खपणा. ती जर्मनमध्ये भांडत होती, हे मराठीत. पुण्यातल्या त्या लग्नाला मीही होते, पण तिथेसुद्धा या माणसाचा चेहरा असा खुललेला पाहिला नव्हता. चहा उकळून खाली उतरला तरी त्यांचं चालूच होतं.

मग पंचही संपले. ती गप्प झाली. हेही गप्प.

"जेवलीस?" कुलथ्यांनी विचारलं.

"या," तिचा जर्मनमधला होकार.

"थंडी आहे का तिकडे?"

"या. गेट शोन." म्हणजे, आहे, पण चालतंय.

थोडी वाट पाहून तिने "चुस, पापा" म्हणत निरोप घेतला आणि फोन बंद झाला.

कुलथ्यांनी नॅपकीनला हात पुसले. "लहान असताना मी तिला सामन्याला न्यायचो. तिथे ती मला नियम समजावून सांगायची," ते म्हणाले. "हॉकी असली की माझा चहा गार होतो, वहिनी. हॉकी संपली की साखरसुद्धा विरघळत नाही." आणि मग, गाळणं माझ्या हातात देत, "संघ गेला, तर ती फोन करेल हो. करेलच. पण आम्ही बोलणार काय?"

आम्ही चहा घेऊन बाहेर आलो. बर्वे मतदान घेऊन मोकळे व्हायच्या घाईत होते. मंडळाने हॉल घ्यावा, याला त्यांचा हात वर आणि तुषारचा. कुलथे बशीकडे बघत बसले होते. संघाला द्यावा, यासाठी मी हात वर केला.

"शिंदे वहिनी," बर्वे म्हणाले, "तुम्हाला हॉकीतलं काय कळतं?"

मी म्हटलं, काही नाही. पण गणपती कोणाच्याही गॅरेजमध्ये बसतो. आपल्याकडे कितीतरी गणपती मांडवात बसतात. बर्फ गॅरेजमध्ये बसत नाही. तुषार माझ्याकडे पाहत राहिला, मग कुलथ्यांकडे, आणि कोणी काही न विचारता त्याने आपला हात खाली घेतला आणि संघाच्या बाजूने वर केला. त्याची मुलगी तीन वर्षांची आहे. हल्ली बालवाडीतून आली की त्याच्या प्रत्येक प्रश्नाला जर्मनमध्ये उत्तर देते. बर्वे म्हणाले, ठीक आहे, पण इतिवृत्तात माझा विरोध नोंदवा. नोंदवला.  हूबरसाहेबांना जिन्यापर्यंत सोडायला कुलथे नुसत्या मोज्यांवर धावत गेले.

त्यानंतर मी बर्व्यांच्या गॅरेजची लांबी-रुंदी घेतली. मांडववाल्याशी बोलले. पोलिसांच्या परवानगीसाठी अर्ज टाकला. सगळं झालं.

मंडळाची चौकशी मागे घेतल्याचं पत्र तेवढं राहिलंय. हूबरसाहेबांचा नियम आहे, पत्रात कारण लिहायचं, थोडक्यात पण नेमकं. दोनदा आठवण करून दिली त्यांनी. मी रोज संध्याकाळी बसते. मायना लिहून होतो, विषय लिहून होतो, आणि मग कारणाच्या ओळीपाशी येऊन मी थांबते.