सुळ्यांची मोजणी

एका जंगलात, बाळांनो, तुमच्या आजोबांच्या आजोबांच्याही फार आधी, हत्तीची भावकी राहत होती. त्यात सरळ सुळ्यांचे मॅस्टोडॉन होते, अंगभर लोकर असलेले मॅमथ होते, आणि खालचे दात फावड्यासारखे पुढे आलेले फावडेदातेही होते. आता यांतलं कुणीच उरलेलं नाही. ते कसं झालं, ऐका.

भुरकाई नावाची एक मॅस्टोडॉन होती. तिची सोंड फार तिखट. एका वर्षी तळं आटायला लागलं, तेव्हा खिंडीपलीकडे पाणी आहे हे तिला नुसत्या वासावरून कळलं. ती दोन दिवस चालून गेली, पोटभर प्यायली आणि भावकीला सांगायला परत आली.

सगळ्यांना आनंद झाला. लगेच सभा भरली. निघायचं हे एकमतानं ठरलं. प्रश्न एवढाच राहिला, की खिंड अरुंद, एका वेळी एकच जाणार. मग पुढे कोण?

भुरकाईचा थोरला भाऊ दंताजी म्हणाला, मान सरळ सुळ्यांचा. मॅमथांचे पुढारी लोकराप्पा म्हणाले, वळण धरून मोजलं तर लांब सुळे आमचेच. फावडेरावांनी रुंदीचा मुद्दा काढला. मग मोजणी समिती नेमली. तिनं तीन आठवडे वेल लावून सुळे मोजले. वेल ओली धरायची की वाळलेली, यासाठी उपसमिती नेमावी लागली.

तोवर तळ्यात चिखलच उरला. भुरकाई घाबरली. ती पुन्हा खिंडीपलीकडे गेली आणि सोंडेत पाणी भरून घेऊन आली. दोन दिवस बिचारी तोंडानं श्वास घेत चालली. ते पाणी तिनं दंताजीच्या तोंडात ओतलं. त्याचे डोळे भरून आले.

"दादा, आता तरी चल," ती म्हणाली.

"तुझ्यामुळे मोठी सोय झाली बघ," दंताजी म्हणाला. "पाणी इकडे आणता येतं म्हटल्यावर आता घाई नाही."

"मी एकटी किती जणांसाठी आणणार?"

"ते समितीपुढे ठेवू. पण मला सांग, तुला तिकडे पाठवलं कुणी?"

भुरकाई बराच वेळ त्याला टेकून उभी राहिली, लहानपणी राहायची तशी. मग सभेनं पानांची माळ घालून तिचा सत्कार केला. तीन भाषणं झाली.

दुसऱ्या दिवशी ती पिल्लांच्या आयांकडे गेली. पिल्लांना सुळेच नव्हते, त्यामुळे मोजणीत त्यांना कुणी धरलंच नव्हतं. पुढे कोण, मागे कोण, हे त्यांना ठाऊक नव्हतं. जी शेपटी जवळ दिसली ती धरून पिल्लं निघाली, आणि आया त्यांच्यासोबत.

खिंडीपाशी भुरकाईनं मागे वळून पाहिलं. दंताजीनं सोंड वर केली. येतो म्हणाला की जा म्हणाला, ते तिला कळलं नाही.

पलीकडे ती सगळी पुष्कळ वर्षं जगली, म्हातारी झाली आणि एकेक करून गेली. इकडे मोजणीचा निकाल लागला. सगळे मानाप्रमाणे रांगेत उभे राहिले. पण चिखल वाळला होता, आणि पाय त्यात घट्ट रुतले होते.

तात्पर्य : मुलांनो, रांगेतली जागा कधीही सोडू नये. पाण्यापर्यंत पोहोचलेल्यांचं एक हाडसुद्धा सापडलेलं नाही. जागेवर राहिलेले मात्र आज संग्रहालयात उभे आहेत, सुळ्यांच्या लांबीप्रमाणे, आणि त्यांना बघायला तिकीट लागतं.