साळूकाकीचा एकच खड्डा

एका जंगलात पाणी आटत चाललं होतं. बाळांनो, नदीत नुसते गोटे उरले होते.

तेव्हा गवामहाराजांनी दवंडी दिली, "जमिनीखाली पाणी शोधा. खणणाऱ्यानं पोटाची काळजी करू नये. त्याला सरकारी कंद मिळतील."

साळूकाकी साळिंदरीला बरं वाटलं. तिला दोन लहान पिल्लं होती. खणत बसलं तर त्यांच्यासाठी कंद कधी शोधणार? आता ती काळजी मिटली. ती खणू लागली. आधी माती लागली, मग मुरूम लागला, मग कातळ. काकी खणतच राहिली.

पण कंद थोडे आणि खणणारे फार. चांगला खणणारा कोण, हे कसं ठरवायचं? महाराजांना खड्ड्यात वाकून बघायचा कंटाळा. शिंगं अडकायची.

दूरच्या जंगलात शिकून आलेला एक पोपट म्हणाला, "महाराज, वाकायचं कशाला? कोणी किती खड्डे खणले ते मोजू. त्या खड्ड्यांचं नाव किती जण घेतात, तेही मोजू. मी फांदीवर बसून मोजतो."

"तुला खड्ड्यात उतरावं लागणार नाही ना?"

"छे! उतरलं की मत बनतं. मत बनलं की मोजणी बिघडते."

महाराजांना हे फार पटलं.

मग काय विचारता! जंगलभर खड्डेच खड्डे झाले. सशानं एक बीळ खणलं, त्याला तीन तोंडं ठेवली आणि तीन खड्डे सांगितले. घोरपड वीतभर खणायची आणि मोठ्यानं म्हणायची, "उंदीरमामांनी दाखवलंच आहे, की माती कोरडी असते. माझ्याही खड्ड्यात ती कोरडीच निघाली." लगेच पलीकडून उंदीरमामा ओरडायचे, "घोरपडताईंनी म्हटल्याप्रमाणे, माझीही कोरडीच!" पोपट मान डोलवायचा. दोघांचे कंद वाढायचे.

साळूकाकीचा वाटा मात्र निम्मा झाला.

ससा तिच्या खड्ड्याच्या काठावर आला. "अहो काकी, एकाच भोकात किती दिवस बसाल? वर या. तुम्ही माझ्या खड्ड्याचं नाव घ्या, मी तुमच्या खड्ड्याचं घेतो. पोरांना उपाशी का मारताय?"

"अरे, खाली गार लागतंय."

"गार लागलेलं मोजत नाहीत, काकी."

काकी वर आली. धाकटं पिल्लू कालच्या कंदाची साल चाटत होतं. तिचा जीव तुटला. सशासारखे दोनचार खड्डे उकरावेत, म्हणून ती निघालीसुद्धा. पण पंजाला लागलेला गारवा काही जाईना. ती अर्ध्या वाटेवरून परत फिरली आणि पुन्हा खाली उतरली.

आणि एके दिवशी कातळ फुटला. पाणी उसळून वर आलं आणि खड्ड्याच्या काठावरून वाहू लागलं.

सगळं जंगल धावत सुटलं. वाटेत जो तो आपापल्याच खड्ड्यात पडला, उठला आणि पुन्हा धावला. ससा आला, घोरपड आली, उंदीरमामा आले. महाराजांनीही तोंड घातलं, शिंगं न अडकता. कोणी काही बोलेना. नुसता घटाघट आवाज.

पोपट फांदीवर कान देऊन बसला होता.

सभा भरली. पोपटानं सांगितलं, "साळूकाकी. खड्डा एक. नाव घेणारे कोणी नाहीत. वाटा बंद करावा."

महाराजांनी ओलं नाक पुसलं. "वाईट वाटतं हो काकी. पण आकड्यांपुढे आम्ही तरी काय करणार?"

मग सशाचा सत्कार झाला. त्यानं पाण्याच्या काठाकाठानं पुष्कळ खड्डे उकरले होते आणि जगात पहिल्यांदाच ओली माती दाखवली होती. सगळ्यांनी त्याचं नाव घेतलं. आता तोंडं रिकामी होती ना.

घरी जाताना धाकट्या पिल्लानं विचारलं, "आई, तुझं नाव कोणीच कसं घेतलं नाही?"

"त्यांच्या तोंडात पाणी होतं ना, बाळा."

आणि पिल्लांना घेऊन ती कंद शोधायला निघाली.

तात्पर्य: बाळांनो, मोठेपणी शोध लावायचाच झाला, तर कोरड्या मातीचा लावा. पाणी लागलं, की लोक पिऊ लागतात, आणि पिणाऱ्याला कोणाचं नाव घेता येत नाही.